कॉन्फ्लुअन्स: लिहायचं एकानं, फायदा दुसऱ्याला

ऑफिसातली माहिती एका जागी आणायला घेतलेलं सॉफ्टवेअर ओस पडलं की खापर कर्मचाऱ्यांच्या आळसावर फुटतं. संगणक-संशोधक जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८ मध्येच खरं दुखणं दाखवलं होतं: अशा प्रणालीत राबतो एक आणि फायदा होतो दुसऱ्याला. ॲटलासियन कंपनीचं कॉन्फ्लुअन्स, म्हणजे टीमनं मिळून माहितीची पानं लिहायचं सॉफ्टवेअर, २००४ पासून बाजारात आहे, तेही याच कसोटीवर घासून बघावं.

लिहिणाऱ्याचा त्रास ते बऱ्यापैकी वाचवतं. टेम्प्लेट तयार मिळतात, मसुदा आपोआप सेव्ह होतो. जुनी आवृत्ती परत आणता येते, म्हणून ‘माझ्या हातून बिघडलं तर?’ ही नवख्यांची धास्ती उरत नाही. पानाचं नाव बदललं तरी आतल्या लिंक शाबूत राहतात.

घोळ होतो तो शोधताना. इथे पानाखाली पानं रचलेली असतात; वरच्या पानावर ‘कोणी पाहायचं’ याचं बंधन घातलं की खालची सगळी पानं त्यात अडकतात, आणि परवानगी नसलेल्याच्या सर्चमध्ये ती येतच नाहीत. त्याला वाटतं, माहितीच नाही. तो शेजारच्याला विचारून मोकळा होतो आणि पुन्हा सर्चच्या वाटेला जात नाही. म्हणून पगार, करार अशा गोष्टींची स्पेसच (पानांचा स्वतंत्र गट) वेगळी ठेवावी, बाकी सगळं उघडं.

एका स्पेसमध्ये एकाच नावाची दोन पानं चालत नाहीत, मग लोक ‘नवीन’, ‘नवीन २’ सुरू करतात (फोल्डरमधली जुनी खोड!). नाव विचारणाऱ्याच्या शब्दांत द्यावं: ‘व्हीपीएन’ नव्हे, ‘व्हीपीएन पासवर्ड घेत नाही’.

शिळं पान मात्र सर्वांत घातक. चुकीच्या पत्त्यावर एकदा फसलेला माणूस बरोबर पानांवरही विश्वास ठेवत नाही. यावर उपाय आतच आहे: प्रत्येक पानावर ‘पेज प्रॉपर्टीज’ मॅक्रोत (पानात बसवायच्या तयार चौकटीत) जबाबदार व्यक्ती आणि पुढच्या तपासणीची तारीख टाकायची, सगळ्यांना एकच लेबल लावायचं. मग ‘पेज प्रॉपर्टीज रिपोर्ट’ सगळ्यांचा तक्ता एका पानावर मांडतो.

चॅटवर उत्तर दिलं की लगेच ‘थँक्यू’ मिळतं, पान लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की उत्तराचं पान करून चॅटमध्ये फक्त लिंक द्यायची, एवढा एक नियम पुरतो. पानं मोजून बक्षिसं देऊ नयेत, नुसता कचरा वाढतो. आणि आपल्याकडच्या माहितीवरच ज्याची खुर्ची टिकली आहे, तो कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये लिहिणार नाही.

१० जणांपर्यंत कॉन्फ्लुअन्स फुकट आहे, साठवण २ जीबी. पण पाच-सहा जणांच्या टीमला एक शेअर्ड डॉक्युमेंट पुरेसं असतं.