गच्चीचं वॉटरप्रूफिंग: मे महिन्यात की दिवाळीनंतर?

साताऱ्यात गच्चीची आठवण बहुतेकांना वळवाचा पहिला गडगडाट ऐकून होते. मलाही तशीच झाली होती. पहिल्यांदा काम मे महिन्यात केलं, चार वर्षांनी तेच पुन्हा जानेवारीत. घर बोगद्याच्या बाजूला, त्यामुळे यवतेश्वराच्या डोंगरावरून उतरणारा पाऊस थेट आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर.

उन्हाळ्याची बाजू लंगडी नाही. स्लॅब खडखडीत वाळलेला असतो आणि कोटिंगला तेच हवं असतं; ओल आत अडकली की पुढे फुगे येतात. पण कोबा, म्हणजे सिमेंट-खडीचा उताराचा थर, घालायचा असेल तर साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) दहा दिवस पाणी हवं. मेच्या उन्हात पाणी साठवायला कोब्यावर केलेले, सकाळी भरलेले वाफे दुपारीच कोरडे पडायचे, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी कमी. केसासारख्या भेगा आल्याच. त्यात मृगाच्या आधी गवंडी सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून आमचा मधेच दोन दिवस दुसरीकडे गेला.

हेही मी सोसलं असतं. माझं मत फिरलं ते गवंड्याच्या एका प्रश्नाने: "साहेब, गळतंय नेमकं कुठून?" मे महिन्यात छताचे डाग वाळून फिके झालेले. मी अंदाजाने मधला भाग दाखवला, तिथे चांगला जाड थर दिला. जुलैत पाणी पुन्हा त्याच खोलीत. गळती होती कोपऱ्यातल्या पन्हाळीच्या तोंडाशी, आणि ते पाणी स्लॅबमधून सरकत खोलीच्या मध्यावर टपकत होतं. सगळा खर्च चुकीच्या जागी गेला, याचं अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या खेपेला गणपतीतच, ओल ताजी असताना, छतावर पेन्सिलीने कडा आखून तारखा टाकल्या. पाऊस थांबल्यावर दोन महिने स्लॅब वाळू दिला. जानेवारीत काम काढलं. थंडीत काँक्रीट आकसतं, भेगा उघड्या दिसतात, भरायलाही सोप्या. शेवटी पन्हाळी बंद करून दोन दिवस गच्चीत पाणी साठवून पाहिलं. खाली ओल आली असती तरी दुरुस्तीला पाच महिने हातात होते.

थंडीचा त्रास एकच, दवाचा. सकाळी गच्ची ओलसर असते, दहा-साडेदहाच्या आधी कोटिंगला हात लावता येत नाही. दिवस लहान, काम दोन दिवसांनी लांबलं. मला तरी ते चाललं.

मेढा-महाबळेश्वरकडे स्लॅब वाळायलाच वेळ लागतो, तिथे मी फेब्रुवारी धरेन. पूर्वेच्या कोरड्या दहिवडी-म्हसवडकडे परतीचा पाऊस महत्त्वाचा, म्हणून दसऱ्याच्या आत काम काढू नये असं वाटतं. आणि ज्यांचं छत आत्ता उघडं पडलंय, त्यांनी अर्थात मेमध्येच करावं. फक्त पहिल्या आठवड्यात, आणि गेल्या पावसाळ्यातले डागांचे फोटो मोबाइलमध्ये शोधून गवंड्याला दाखवून.