खुब्याचा सांधा: सिमेंटचा की लेपाचा?
गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेलमुळे (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) कधी ऐन तिशीतच खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, सांध्यातला हाडाचा गोळा खचतो. मग सांधा बदलणं आलं. नवा सांधा हाडात पक्का करायचा तो सिमेंटने किंवा लेपाने.

सिमेंट म्हणजे ॲक्रिलिक, 10-15 मिनिटांत घट्ट. ठिसूळ हाडाच्या म्हातारीला तेच बरं.

लेपाच्या सांध्यात टायटॅनियमवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा पातळ थर फवारलेला असतो: कॅल्शियम-फॉस्फेट, हाडातल्या खनिजासारखंच. सांधा आधी हाडात ठोकून बसवतात. पुढच्या काही आठवड्यांत हाड त्या थरावर वाढून धरतं. धानाच्या बांधीत अजून बरीच वर्षं काढायची असलेल्या तरण्या माणसाला मी हाच म्हणेन. फक्त सिकलसेलात हाडाची पोकळी बुजलेली असू शकते, ठोकताना हाड तडकायची भीती (इथे अनुभवी सर्जनचाच हात हवा). शिवाय जंतुसंसर्गाचा धोका आहेच. हा साधा लेप जंतू मारत नाही. सिमेंटमध्ये निदान अँटिबायोटिक मिसळता येतं.