पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. : सव्वा वर्षानंतर

प्रवेश घेतला तेव्हा आजी म्हणाली होती, "सिव्हिल झालास ना? मग घरं बांध. नाल्याचं पाणी कसलं हुंगतोस!" आता तिसरं सेमिस्टर संपत आलंय. हे एम.टेक. करावं का, असं इंदूरचे ज्युनियर सारखे विचारतात, म्हणून लिहितोय. कॉलेजचं नाव तेवढं विचारू नका.

वर्गातलं शिकवणं ठीकठाक, बी.ई.ला घोकलेलंच जरा खोलात. खरं शिक्षण झालं ते बीओडीच्या बाटलीत (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात, त्याचं माप). पहिल्यांदा कृष्णपुरा छत्रीपाशी कान्ह नदीचं (घरी सगळे 'खान'च म्हणतात) पाणी घेतलं आणि डायल्यूट न करता तसंच ३०० मिलीच्या बाटलीत भरलं. तीन दिवसांनी मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. माझा बसला पांढराशुभ्र, विरजलेल्या दुधासारखा. ऑक्सिजन शून्य! जंतूंनी तो कधीच फस्त केला होता, पहिल्या दिवशी की तिसऱ्या, देव जाणे. पुढच्या खेपेला नमुना फक्त ६ मिली, बाकी हवा खेळवलेलं पाणी. तेव्हा कुठे आकडा हाती लागला.

आपल्याकडची चाचणी २७ अंशांवर ३ दिवसांची. गुरुवारी बाटली लावली तर उघडायची रविवारी, आणि रविवारी लॅबला कुलूप. त्यामुळे गुरुवारी बीओडीचाही उपास.

बाटल्या त्या २७ अंशांवर राखणारं कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, सात जणांत एक. मे महिन्यात रात्री लाइट गेली, सकाळी आत ३४ अंश. थीसिसच्या बारा बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या. जनरेटर आहे, पण त्याची लाइन ऑफिसच्या एसीला. गेट (GATE) परीक्षा पास होऊन आलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावृत्ती मिळते. मिळते म्हणजे चार-चार महिन्यांची एकदम.

तरी या विषयाला इंदूरसारखं गाव नाही. पिण्याचं पाणी सत्तर किलोमीटरवरून नर्मदाकाठच्या जलूदहून चढवलेलं, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून सीएनजी, कबीटखेडीला २४५ एमएलडीचा (रोज २४.५ कोटी लिटरचा) एसबीआर, म्हणजे सांडपाणी टप्प्याटप्प्याने शुद्ध करणारा प्रकल्प. एसबीआरची आकृती मी परीक्षेत चारदा काढली असेन. पण टाकीच्या कठड्याशी उभा होतो, ब्लोअर बंद झाला, खळखळ थांबली आणि हळूहळू गाळ खाली बसून वर निवळ दिसायला लागलं. भरणं, हवा, निवळणं, उपसणं, सगळं त्या एकाच टाकीत का, ते तिथे कळलं.

पगाराची तुलना सॉफ्टवेअरवाल्यांशी करणार असाल तर या वाटेला जाऊ नका. येणारच असाल तर प्रॉस्पेक्टस ठेवा बाजूला, लॅब उघडायला लावा. इन्क्युबेटर किती ते मोजा, आणि वायर कुठे जाते तेही बघून घ्या.