ट्रायथलॉनमध्ये गोव्याची 70.3 की ऑलिंपिक डिस्टन्स, यंदा क्लबचं टार्गेट काय ठेवायचं?

आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपमध्ये हाच विषय चाललाय म्हणून लिहितोय. गोव्याची आयर्नमॅन 70.3 म्हणजे मिरामारच्या समुद्रात 1.9 किमी स्विम, मग 90 किमी सायकल आणि वर 21.1 किमी रन. 2019 पासून घराजवळ आलीये त्यामुळे सगळ्यांना मोह होतो, मलाही होतोच. पण त्यासाठी ऐन पावसाळ्यात दर रविवारी तीन-चार तासांची राईड लागते, आणि तेव्हा समुद्र खवळलेला, म्हणजे स्विमिंग सगळं पूलमध्येच. पूलमध्ये तळाची काळी रेघ दिसते हो, समुद्रात खाली काहीच दिसत नाही आणि लाट तोंडावर आली की श्वासाची लयच तुटते, पहिल्यांदा माझे हातपाय गार पडले होते.

ऑलिंपिक डिस्टन्स म्हणजे 1.5 किमी स्विम, 40 किमी सायकल आणि 10 किमी रन. नोकरी, घर, पोरांची शाळा सांभाळून जमतं, रविवारी सकाळी पन्हाळा करून आलं, सायकल लावली, तसेच शूज बदलून 3 किमी पळालं की ब्रिक सेशन झालं, नऊपर्यंत घरी. शिवाय नवीन आलेले पण सोबत राहतात, मागच्या वेळी लांब राईड्समुळे निम्मे नवीन लोक सुटले ते मला अजून लागतंय.

माझं मत यंदा क्लबसाठी ऑलिंपिक. ज्यांना गोवा करायचंच आहे त्यांनी शनिवारी वेगळी लांब राईड लावा, मी येतो सोबत.