अंगणात ‘सॅलमँडर’ दिसला? फोटो कुठे टाकायचा

पहिले दोन-चार पाऊस झाले की मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या कुंड्यांखालून, मागच्या भिंतीलगतच्या पाचोळ्यातून एक लांबट, चकचकीत, आखूड पायांचा जीव सरपटत बाहेर येतो. त्याची शेपूट लाल असली तर घरातलं कुणीतरी हमखास त्याला सॅलमँडर ठरवतं. सॅलमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी. हा तो नसतो, हे आधीच सांगून टाकतो. भारतात त्या गटातले प्राणी पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत आहेत. दार्जिलिंगजवळ जोरपोखरीला त्यांच्यासाठी छोटं अभयारण्यही राखलेलं आहे. सह्याद्रीत त्यांची एकही जात नाही. मत्स्यालयांच्या दुकानांत मिळणारा अ‍ॅक्सोलॉटल त्याच गटातला खरा, पण तो जन्मभर पाण्यात राहतो, कुंडीखाली सापडायचा नाही.

मग तो आहे कोण? बहुतेक वेळा सापसुरळी, पण नेमकी कुठली, हे कुणाला तरी विचारावं लागतं. त्यासाठी आज हाताशी तीन वाटा आहेत: फोटो दाखवला की नाव सांगणारा फोनमधला चित्रशोध, सर्पमित्र असलेले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि आयनॅचरलिस्ट, म्हणजे दिसलेल्या प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून लोकांकडून ओळख मिळवायचं संकेतस्थळ आणि अ‍ॅप. मी तिन्ही वापरल्या आहेत.

चित्रशोधाचा वेग मान्य करायलाच हवा. कुंडीतल्या झाडासाठी, बाजारात नव्यानं दिसलेल्या फळासाठी मी आजही तोच वापरतो. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत त्याची एक खोड मला फार खटकली, आणि माझा निर्णय त्या एका खोडीवरच झाला. हा प्राणी कुठे दिसला, हे तो जणू विचारातच घेत नाही.

लाल शेपटीच्या पिल्लाचा फोटो टाकला की माझ्या अनुभवात उत्तर बहुधा उत्तर अमेरिकेतल्या एखाद्या सॅलमँडरचं येतं. रंग जुळतो, अंगकाठी जुळते, आणि तिकडच्या प्राण्यांचे फोटो इंटरनेटवर ढिगानं आहेत. म्हणून तसं होत असावं, असा माझा अंदाज. पण या क्षेत्रात मुरलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याचा पहिला प्रश्न ‘कुठे दिसला?’ हाच असतो. बोरिवली म्हटलं की निम्म्याहून जास्त शक्यता तिथेच गळून पडतात. जागा सोडून प्राणी ओळखणं म्हणजे पत्ता न लिहिता पाकीट पेटीत टाकणं. आणि चुकीचं नाव नुसतं नाव म्हणून राहत नाही. त्या नावानं पुढे शोधलं की अनेक सॅलमँडरांच्या कातडीत विष असतं, हे वाचायला मिळतं, आणि ते खरंही आहे. मग सोसायटीत बातमी फिरते, कुणीतरी झाडू किंवा काठी आणतं. किडे खाऊन जगणारी, विषाचा थेंबही नसलेली सापसुरळी एका दूरदेशीच्या नावापायी मारली जाते. मला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून इथे वेगापेक्षा मी जागेला जास्त मोल देतो.

ग्रुपचं तसं नाही. तिथली माणसं इथलीच, आरे आणि येऊरची जंगलं पायाखाली घातलेली. ‘बिनविषारी आहे, जाऊ द्या’ हे उत्तर दहा मिनिटांत मिळतं, आणि घरात लहान मूल घाबरलेलं असेल तर तेवढंच हवं असतं. साप असण्याची थोडीही शंका असेल तर दुसरीकडे कुठेही न जाता सर्पमित्रालाच फोन करावा. पण जातीचं नाव हवं असेल तर ग्रुप थोडा तोकडा पडतो. पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो आणि खवल्यांची रचना तिथेच पुसली जाते. उत्तर देणारा ‘सापसुरळी’ म्हणून मोकळा होतो, का ते सांगत नाही. संध्याकाळपर्यंत ते उत्तर सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं.

आयनॅचरलिस्टवर फोटोसोबत जागा आणि तारीख द्यावी लागते, आणि सुचवलेल्या नावांत त्या परिसरात अपेक्षित असलेल्या जातींना झुकतं माप मिळतं. त्यामुळे अमेरिकेतला सॅलमँडर यादीत सहसा डोकावतच नाही. दुसरी गोष्ट मला हळूहळू कळली आणि आता तीच जास्त आवडते: इथे उत्तर अर्ध्या वाटेवर थांबू शकतं. जात ठरत नसेल तर प्रजातीवर, म्हणजे जवळच्या जातींच्या गटावर, तेही जमत नसेल तर ‘सापसुरळ्यांचं कुळ’ एवढ्यावर. त्यानंतर माणसं मत देतात. किमान दोन मतं आणि दोन-तृतीयांशाहून अधिक सहमती जमली की नोंद संशोधनाच्या दर्जाची धरली जाते. माझ्या एका नोंदीवर ओळख देणाऱ्यानं आधी बाजूनं काढलेला फोटो मागितला, पायाची बोटं आणि कानाचं छिद्र दिसेल असा. त्या मागणीतूनच काय बघायचं ते मी शिकलो.

ते असं. सापसुरळीच्या अंगावर खवले असतात, बोटांना नख्या असतात, डोक्याच्या बाजूला कानाचं छिद्र असतं, पुढच्या पायाला पाच बोटं असतात. सॅलमँडरला खवले नाहीत, कानाचं छिद्र नाही, कातडी ओलसर, आणि पुढच्या पायाला बहुतेक जातींत चारच बोटं. पालीची बोटं पसरट, डोळ्यांना पापण्या नाहीत. पायच नसतील, अंगावर वळ्या असतील आणि गांडुळापेक्षा चांगलाच जाड असेल तर देवगांडूळ. तो मात्र सॅलमँडरसारखाच उभयचर. आणि लाल शेपटीचं ते बारीक पिल्लू बहुधा ठिपकेदार बागसुरळीचं, म्हणजे शास्त्रीय नावानं रायोपा पंक्टाटाचं. वय वाढतं तशी शेपटीची लाली ओसरते. जुन्या पुस्तकांत ही लायगोसोमा या प्रजातीत सापडेल. पुस्तक छापलं की नाव तिथेच थांबतं, आयनॅचरलिस्टवर ते बदलत जातं.

आता दुसरी बाजू. खातं उघडावं लागतं. उत्तराला कधी तासभर लागतो, कधी आठवडे, कारण फुलपाखरं आणि पक्षी ओळखणारे जितके आहेत तितके सापसुरळ्यांवर नजर असलेले नाहीत. वरून काढलेल्या एकाच फोटोवर जात कधीकधी ठरतच नाही, आणि नोंद कुळावरच अडून राहते. ज्याला आत्ता, या मिनिटाला उत्तर हवं त्याला हे मानवणार नाही, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. मुलांच्या हाती द्यायचं असेल तर आयनॅचरलिस्टचंच सीक हे अ‍ॅप बरं पडतं. त्याला खातं लागत नाही.

तरीही घराच्या मागे महिन्याकाठी काहीतरी नवं दिसणाऱ्या माणसाला मी आयनॅचरलिस्टच सुचवेन. आज भीती घालवायला ग्रुप, नाव कळायला हे. पक्की झालेली नोंद योग्य परवान्याखाली असली तर जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या जागतिक साठ्यातही जाते. इमारतींच्या गर्दीत कुठल्या कोपऱ्यात काय तगून आहे, याची मुंबईपुरती तरी कुठेतरी लेखी खूण राहते.

सुरुवात करताना दोन गोष्टी सांभाळा. नोंद घरची असेल तर जागा ‘अस्पष्ट’ ठेवा. मग नकाशावरचा ठिपका अक्षांश-रेखांशांच्या सुमारे 0.2 अंशांच्या चौकटीत कुठेही दिसतो आणि तुमचं अंगण उघड होत नाही. आणि प्राण्याला पकडू नका, शेपूट तर मुळीच धरू नका, ती तुटून हातात येते. दोन हात अंतरावर उकिडवे बसा, एक फोटो वरून आणि एक बाजूनं काढा, आणि तो पाचोळ्यात शिरायच्या आत जमलं तर पुढच्या पायाचा एक जवळून.