पागेतलं घर: तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव (लष्कर, ग्वाल्हेर)

आमच्या शेजारचा पोर्शन विक्रीला निघालाय आणि जाहिरात बघून निम्म्या नातेवाइकांचे फोन येऊन गेले, "कसं आहे गं घर, घ्यावं का", म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. उन्हाळा, पावसाळा, थंडी तिन्ही इथे काढलेत, तेव्हा बोलायला हरकत नाही.

तर घर म्हणजे एका जुन्या सरदार वाड्याची पागा, महाराज बाड्यापासून (इथला मुख्य चौक) चालत येता येईल अशी. खरोखर घोडे बांधायची जागा. आपल्या लष्कर भागात याचं नवल नको, दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याखाली छावणी टाकली त्याचंच हे गाव झालं, म्हणजे घोडे आधी आले आणि बाजार मागून. वाड्याच्या वाटण्या होऊन त्याचा कधीच चुराडा झाला, पागा तेवढी उरली, ती एका बिल्डरने घेतली आणि कमानी वाटून तीन पोर्शन पाडले. जाहिरातीत लिहिलंय "लंडनच्या म्यूज घरांसारखं". आता म्यूज म्हणजे तिथल्या मोठ्या घरांच्या मागच्या गल्लीतले तबेलेच, खाली घोडे नि बग्गी, वर घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराची खोली, आणि आज ती घरं भारी महाग आहेत हे खरं, पण तिथे मे महिन्यात पारा ४५ ला जात नाही आणि आमच्याकडे वरती मोतद्दार नव्हता, वरती थेट पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं छत.

आधी चांगलं सांगते. उंची आणि हवा. घोड्याच्या लघवीचा अमोनिया वर चढतो म्हणून अशा जागांना छताजवळ झरोके ठेवायचे, आणि तेच झरोके आता आमची गरम हवा बाहेर काढतात. बिल्डरने एसी नीट चालावा म्हणून सगळ्यांना काच ठोकली होती, आम्ही समोरासमोरच्या दोन काचा काढून जाळी लावली आणि त्यानंतर कूलरनेच काम भागायला लागलं, एसी फक्त दुपारी. भिंती हातभराहून जास्त जाड, दगडी, मे महिन्यात बाहेरून आलेला माणूस आत आला की पहिल्यांदा "आहाहा" करतो. मात्र जूनच्या मध्यापर्यंत याच भिंती दिवसभर तापून रात्री उष्णता सोडायला लागतात, तेव्हा सगळे गच्चीवर. जानेवारीत उलटं, धुकं पडलं की आठ-आठ दिवस खोली गरम होत नाही, दुपारी बाहेर ऊन आणि आत स्वेटर.

पोटमाळ्याच्या भानगडीत पडू नका. उंची आहे म्हणून लोखंडी गर्डरवर बेडरूम काढलीये, फोटोत फार छान दिसते, पण सगळी गरम हवा तिथेच जमते, एप्रिल ते जुलै तिथे कोणी झोपत नाही. आमच्या गाद्या आणि दिवाळीचे दिवे मजेत राहतात.

आता भिंती, कारण फोनवर कोणी हे विचारत नाही आणि खरी गोम इथेच आहे. पावसाळा लागला आणि हॉलच्या मागच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल आली, त्यावर एकदम कोरडी. पाइप लीक असेल म्हणून प्लंबरने बाथरूम उकरलं, काही निघालं नाही. दिवाळीच्या सुमारास ओल गेली आणि त्याच पट्ट्यावर कापूस फुटावा तसा पांढरा खार फुलला, पुसला की दोन दिवसांत परत. मग पेंटचे पापुद्रे, मग एका रात्री प्लास्टरचा मोठा तुकडा धप्पकन सोफ्यामागे. वॉटरप्रूफिंगवाल्याने केमिकलचा कोट मारून दिला तर ओल कमरेची खांद्यापर्यंत चढली, कारण खालून बाहेर पडायची वाटच बंद झाली.

शेवटी जुन्या वास्तूंची डागडुजी केलेला एक म्हातारा मिस्त्री मिळाला. त्याने भिंतीवरची पांढरी पूड नखाने खरवडली आणि चक्क जिभेला लावली, सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाला, "बहूजी, ये पाइप का पानी नहीं है, ये सोरा है, जीभ पे ठंडा लगता है. घोड़ों ने सौ साल पिलाया है इस दीवार को."

आणि ते बरोबरच होतं. लघवीतला युरिया जमिनीत मुरतो, मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते ओलीबरोबर दगडात चढून बसतं. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा पूर्वी जुन्या भिंतींच्या नि तबेल्यांच्या मातीतूनच काढायचे. हा खार हवेतली वाफ ओढून घेतो म्हणून पावसाळ्यात जवळ नळ नसतानाही भिंत भिजते, हवा कोरडी झाली की त्याचे खडे बनतात आणि ते वाढता वाढता वरचं प्लास्टर ढकलून पाडतात. मूळ भिंत चुन्याची, तिच्यातून ओल हळूहळू निघून जायची, बिल्डरने वरून सिमेंट आणि वॉशेबल पेंट चोपडून ती आत कोंडली.

उपाय आहे पण पटकन होणारा नाही. सिमेंट खांद्यापर्यंत पूर्ण उतरवलं, मातीत कागदाचा लगदा कालवून बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने मळला आणि भिंतीला लेप दिला, वाळला की खार त्यात येतो, मग काढून फेकायचा आणि परत नवा लेप. घरात एवढा राडा झाला की पाहुणे यायचे बंद झाले (हा एक फायदाच). त्यावर मुरवलेल्या चुन्याचं सुर्खी (विटांची पूड) घातलेलं प्लास्टर आणि चुन्याची सफेदी, ऑइल पेंट नाही, डिस्टेंपर नाही. हे प्लास्टरही काही वर्षांनी खार पिऊन झडणार आणि परत करावं लागणार, मिस्त्रीने आधीच सांगून ठेवलंय. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, आमच्या कपाटाची पाठ एका पावसाळ्यात गंजली.

बाकीचं भराभर सांगते. फरशीला उतार आहे, घोड्यांखालचं पाणी वाहून जावं म्हणून, बिल्डरने नाली बुजवली पण उतार तसाच ठेवून टाइल्स लावल्या, त्यामुळे फ्रिज, कपाट, पलंग सगळ्यांखाली पाचरी. पोछा मारायला मात्र छान, पाणी आपोआप दाराकडे जातं. उजेड फक्त कमानींच्या बाजूने, मागे सकाळी अकरालाही लाइट लावावा लागतो. वायफाय एका भिंतीपलीकडे जात नाही, प्रत्येक खोलीत वेगळा डबा ठेवलाय. आवाज घुमतो, टीव्हीवरचं बोलणं कळत नाही, जाड सतरंज्या आणि पडदे घातल्यावर जरा बरं, पण सासूबाई सकाळी तंबोरा घेऊन बसतात तेव्हा मात्र सतरंज्या गुंडाळून ठेवाव्यात असं वाटतं.

गव्हाण अजून आहे एका कोनाड्यात, अख्ख्या दगडातली, समोरचा काठ मधोमध खोलगट झालाय आणि इतका गुळगुळीत की हात घसरतो, मान टेकून टेकून झिजलाय. बिल्डरने त्यात प्लास्टिकचं झाड आणि निळी लाइट लावली होती. आता त्यात कांदे-बटाटे. भिंतीतल्या लोखंडी कड्या पेंटखाली गाडलेल्या होत्या, खरवडून काढल्या, एकीपासून दुसरीपर्यंत दोरी बांधली की पावसाळ्यात कपडे वाळतात, बेडशीटसुद्धा.

शेजारचा पोर्शन बघायला येणार असाल तर ऑगस्टमध्ये या. ब्रोकर मार्चमध्ये ताजा रंग मारून दाखवतात, आणि शिंद्यांच्या जयविलास महालातल्या झुंबरांची नि छतावर चढवलेल्या हत्तींची गोष्टही ऐकवतात, तिचा या घराशी काही संबंध नाही. सोफा ओढून मागची भिंत बघा, खालचा भाग हाताने ठोकून बघा, पोकळ वाजला तर प्लास्टर सुटलंय. कार गल्लीच्या तोंडापर्यंतच येते. कागद वकिलाला दाखवा, वाटणीपत्रात पागा नेमकी कोणाच्या नावे आली होती आणि जमीन नजूलची (सरकारी) तर नाही ना, हे आमचे दोन महिने खाऊन गेलं. लोनचंही आधी विचारा, इमारतीचं वय बघून एका बँकेने आम्हाला सरळ नाही म्हटलं, दुसरीने दिलं पण रक्कम कापून. हे विकणाऱ्यालाही पक्कं माहितीये, तेव्हा सांगितलेल्या किमतीवर अडून बसला तर खुशाल घासाघीस करा, आणि चुन्याच्या प्लास्टरचा खर्च त्यातून वजा करायला लावा.