रेम्ब्रांटचं उतारवयातलं आत्मचित्र : जळगावहून छापून घेतलेली कॅनव्हास प्रिंट

जळगावच्या एका डिजिटल प्रिंटवाल्याकडून डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘दोन वर्तुळांसह आत्मचित्र’ कॅनव्हासवर छापून घेतलं. १८ बाय २२ इंच, फ्रेमसह १,८०० रुपये. मूळ चित्र लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे, साधारण याच्या दुप्पट उंचीचं. रेम्ब्रांटने ते १६६५ ते १६६९ दरम्यान केलं आणि १६६९ मध्येच तो गेला.

पहिल्या प्रुफात दुकानदाराने लग्नाच्या अल्बमला करतात तसा चेहरा उजळला होता. गालांवरचे लोंबते मांस, डोळ्यांखालची सूज, सगळं गुळगुळीत. हे चित्र असं छापणं म्हणजे ते पुसणंच. मूळ फाइल जशीच्या तशी छापायला सांगितली, तर त्यांनी कुरकुर न करता, जादा पैसे न घेता दुसरी काढून दिली. ती उत्तम आली. मिशांजवळ ब्रशच्या दांड्याने ओल्या रंगात ओढलेले ओरखडेसुद्धा दिसतात.

आईने बघितलं आणि म्हणाली, “हाऊ बाबा थकेल शे.” रेम्ब्रांटची दिवाळखोरी, मग त्याची जोडीदार हेंड्रिकये गेली, मुलगा टायटस गेला, हे माहीत असलं की आपणही चेहऱ्यात दुःखच शोधतो. मला ते पटत नाही. अमळनेरला चित्रकला शिकवताना आरशासमोर बसून स्वतःला रेखाटणारी मुलं मी पाहिली आहेत. ही नजर तीच आहे, मोजणारी. हातात पॅलेट, ब्रश आणि हात टेकवायची काठी आहे, आणि तो हात मात्र चार फटकाऱ्यांत सोडून दिलाय. अपुरा राहिला म्हणतात. चेहऱ्यावर इतकं काम केलेल्या माणसाला बोटं काढता येत नव्हती का? कुठे थांबायचं ते त्याने ठरवलं, असं मला वाटतं.

मागच्या दोन अर्धवट वर्तुळांबद्दल बरेच तर्क आहेत : जगाचा नकाशा, इटालियन चित्रकार जॉत्तोने एका दमात काढलेलं वर्तुळ. एलिमेंटरीच्या मुलांकडून मुक्तहस्त वर्तुळं गिरवून घेतलेल्या मला दुसरा तर्क जवळचा.

प्रिंटमध्ये नाकावरचा रंगाचा जाड थर सपाट होतो, त्याला इलाज नाही. पण चकचकीत लॅमिनेशन टाळा, मॅटच घ्या. ट्यूबलाइट चमकली की अंधारातला तपकिरी रंग पार मरतो. प्रुफ मोबाइलवर न बघता दुकानात जाऊन बघा, आणि आधी तो हात तपासा. फटकारे वेगवेगळे दिसले तरच पैसे द्या.